कॅमेऱ्यात हरीण येते, मचाणासमोर येत नाही: जागा बदलावी की थांबावे?

मिशिगनच्या दक्षिण भागात १ ऑक्टोबरला धनुष्यबाणाचा हंगाम उघडतो आणि दोन-तीन आठवड्यांत एकच तक्रार निरनिराळ्या तोंडांनी ऐकू येऊ लागते. उन्हाळ्यात जागा नीट पाहून ठेवली, मचाण बांधले, रानात झाडाला बांधलेल्या, हालचाल होताच आपोआप छायाचित्र टिपणाऱ्या कॅमेऱ्यात पांढऱ्या शेपटीची हरणे नियमित दिसत होती आणि आता प्रत्यक्ष बसल्यावर काहीच दिसत नाही. पुढचा प्रश्न ठरलेला असतो: मचाण हलवू का?

आपल्यापैकी बहुतेकांनी शिकार इथे अमेरिकेत येऊन, तिशी-चाळिशीत शिकली. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीची परंपरा कायदेशीरपणे उरलेलीच नाही, त्यामुळे आजोबांनी किंवा मामांनी रानात नेऊन दाखवावे असे हे ज्ञान आपल्या घरांत नाही. इथल्या सुरक्षा अभ्यासक्रमात (१ जानेवारी १९६० रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना मिशिगनमध्ये तो आवश्यक आहे) बंदूक कशी धरावी, झाडावर कसे चढावे हे शिकवतात, पण रिकाम्या गेलेल्या संध्याकाळींचा अर्थ कसा लावावा हे शिकवत नाहीत. म्हणून हा निदानाचा क्रम सविस्तर लिहीत आहे. शेतजमीन, ओकची लहान रानटुकडी आणि खोलगट भागातली दलदल असे दक्षिण मिशिगनचे रान मी गृहीत धरले आहे, कारण मला तेच जवळून माहीत आहे.

ही तक्रार वरून एकच वाटली तरी तिच्या पोटात तीन वेगळ्या तक्रारी असतात. पहिली, हरीण कॅमेऱ्यात येते पण माणूस बसलेला असताना येत नाही. दुसरी, हरीण दिसते, पण दर वेळी पल्ल्याच्या बाहेरून, साधारण त्याच रेषेवरून निघून जाते. तिसरी, आधी दिसत होते आणि आता कॅमेऱ्यातूनही नाहीसे झाले. दुसऱ्या तक्रारीवर मचाण लगेच हलवावे, तिसऱ्या तक्रारीवर हरणांचे खाणे कुठे गेले ते आधी शोधावे, आणि पहिल्या तक्रारीवर बहुतेक वेळा मचाणाला हातही लावू नये असे माझे स्पष्ट मत आहे. दुर्दैवाने लोक मचाण सर्वाधिक हलवतात ते पहिल्या तक्रारीवरच.

आधी कॅमेऱ्याचे घड्याळ पाहा

हे क्षुल्लक वाटेल, पण इथूनच सुरुवात करावी. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी इथली घड्याळे एक तास मागे जातात. छायाचित्रे मोबाइलवर पाठवणारे सेल्युलर कॅमेरे बहुधा ही वेळ आपोआप सुधारतात, परंतु कार्डवर छायाचित्रे साठवणारे साधे कॅमेरे सुधारत नाहीत. समजा, १५ नोव्हेंबरच्या सुमारास कॅमेरा संध्याकाळी ६ वाजून २० मिनिटे अशी वेळ दाखवतो आहे. डेट्रॉइटच्या आसपास त्या दिवशी सूर्य सव्वापाचच्या आतच मावळतो, त्यामुळे आपण ते हरीण ‘रात्रीचे’ म्हणून सोडून देतो आणि जागा वाया गेली असे ठरवतो. प्रत्यक्षात ते हरीण ५ वाजून २० मिनिटांनी आलेले असते, म्हणजे सूर्यास्तानंतरच्या त्या अर्ध्या तासात, जेव्हा शिकार अजून कायदेशीर आहे आणि आपण मात्र खाली उतरून गाडीकडे निघालेलो आहोत.

छायाचित्र काळे-पांढरे आहे म्हणून ते रात्रीचे आहे, हा निष्कर्षही तितकाच फसवा आहे. दाट झाडीत कॅमेरा उजेड पुरेसा असतानाच इन्फ्रारेडवर जातो. म्हणून प्रत्येक छायाचित्राची सुधारलेली वेळ त्या दिवसाच्या सूर्योदय-सूर्यास्ताशी ताडून पाहावी. दिवसाच्या वेळेतली छायाचित्रे येत असतील, तर जागा जिवंत आहे आणि दोष अन्यत्र आहे.

हरीण आहे, पण तुम्ही असताना येत नाही

हे लक्षण जवळजवळ नेहमी वाऱ्याकडे किंवा आपल्या येण्या-जाण्याच्या वाटेकडे बोट दाखवते. पांढऱ्या शेपटीच्या हरणाला लाल-नारिंगी रंग नीट कळत नाही, म्हणून बंदुकीच्या हंगामात सक्तीचा असलेला भडक नारिंगी पोशाख आपल्याला तितकासा नडत नाही. हालचाल मात्र त्याला चटकन कळते, आणि वासाच्या बाबतीत तर त्याच्याशी आपला सामनाच होऊ शकत नाही. वासरोधक फवारे आणि कपडे विकणाऱ्यांचे दावे काहीही असोत, वाऱ्याच्या खालच्या अंगाला असलेल्या प्रौढ मादीपासून माणसाचा वास लपत नाही, असेच धरून चालावे.

वारा तपासायला दुकानातली पावडर मिळते, पण तिचा उपयोग पहिल्या काही फुटांपुरताच आहे. त्यापेक्षा मिल्कवीडच्या शेंगा जमवाव्यात. ही वनस्पती आपल्या रुईच्या कुळातली आहे आणि लहानपणी आपण जिच्यामागे धावत असू ती ‘म्हातारी’ हिच्याही शेंगेतून निघते. सप्टेंबरच्या अखेरीस शेतांच्या बांधांवर या शेंगा तपकिरी होऊन उकलू लागतात. त्यातल्या चार-पाच शेंगा खिशात ठेवाव्यात आणि मचाणावर बसल्यावर दर पंधरा-वीस मिनिटांनी एक म्हातारी सोडून ती दिसेनाशी होईपर्यंत तिच्यावर नजर ठेवावी. मोबाइलवरचा अंदाज पश्चिमेचा वारा सांगत असतो. म्हातारी मात्र वीस यार्ड पूर्वेला जाते, ओकच्या रांगेला अडून खाली बसते आणि हळूहळू वळून आपण ज्या वाटेकडे पाहत बसलो आहोत त्याच वाटेवर उतरते. असे एकदा डोळ्यांनी पाहिले की मादी तिथे का थबकते, पाय का आपटते आणि फुस्स करून मागे का वळते, याचे कोडे उरत नाही.

संध्याकाळी हा प्रकार अधिक होतो. सकाळी ऊन चढू लागले की जमिनीलगतची हवा तापून वर सरकते. सूर्य कलला की थंड झालेली जड हवा उताराने खोलगट भागाकडे वाहते. दक्षिण मिशिगनमध्ये डोंगर नाहीत म्हणून लोक या गोष्टीकडे दुर्लक्ष करतात, परंतु शेत आणि दलदल यांच्यात दहा-पंधरा फुटांचा उतार असला, तरी वारा पडलेल्या संध्याकाळी तेवढा पुरतो. हरणे दिवसा त्या दलदलीच्या कडेच्या झुडपांत बसलेली असतात आणि शेताच्या काठावरच्या मचाणावरून आपला वास थेट त्यांच्याकडे ओघळत जातो. अशा जागेवर सकाळी बसणे ठीक ठरू शकते आणि संध्याकाळी बसणे चुकीचे, आणि दोन्ही वेळा मचाण तेच असते. इथे उपाय मचाण हलवणे हा नाही. कोणत्या वाऱ्याला आणि कोणत्या वेळी तिथे बसायचे नाही, हे ठरवणे हा आहे. ज्याच्याकडे एकच मचाण आहे त्याने वारा प्रतिकूल असलेल्या दिवशी घरी थांबावे, हा सल्ला कोणालाच आवडत नाही, पण तो खरा आहे.

जाण्या-येण्याची वाट हा दुसरा संशयित आहे. संध्याकाळी अंधार पडल्यावर आपण मचाणावरून उतरतो, तेव्हा हरणे समोरच्या शेतात चरत असतात. डोक्यावरचा दिवा लावून आपण त्यांच्यामधून चालत गेलो की काही दिवसांतच ती शेतात उशिरा येऊ लागतात आणि कॅमेरा हेच रात्रीचे वेळापत्रक आपल्याला दाखवतो. आपण म्हणतो, हरणे निशाचर झाली. ती फक्त आपल्यापुरती निशाचर झालेली असतात. जाण्यासाठी ओढ्याचा काठ, बांध, उभ्या मक्याची आड असा मार्ग मिळतो का ते पाहावे, पानांचा चुरा बाजूला सारून शेवटच्या पन्नास यार्डांची वाट आवाज न होण्याजोगी करावी, आणि शेतात हरणे असतील तर कोणा सोबत्याला गाडी घेऊन शेताच्या टोकापर्यंत येण्यास सांगावे. गाडीला ती बिचकून पळतात, पण ट्रॅक्टर आणि गाड्या त्यांच्या रोजच्या पाहण्यातल्या असल्यामुळे त्या भीतीचा संबंध ती मचाणाशी जोडत नाहीत.

वारा आणि वाट या दोन्ही गोष्टी सुधारूनही दोन-तीन अनुकूल वाऱ्यांच्या बैठकींत काहीच बदलले नाही, तर मात्र पुढचा विचार करावा. अर्थात एक अपवाद आहे. एखाद्या म्हाताऱ्या मादीने मचाणाखाली येऊन सरळ वर, तुमच्याकडे पाहिले आणि नंतरच्या बैठकीतही ती येता येताच त्या झाडाकडे मान वर करून पाहू लागली, तर ते झाड त्या हंगामापुरते संपले असे समजावे. तिच्यामागे तिची पाडसे असतात आणि नोव्हेंबरात तिच्यामागे नरही येणार असतो. ती ते झाड टाळते तेव्हा हा सगळा लवाजमाही ते टाळतो.

हरीण दिसते, पण नेहमी पल्ल्याबाहेर

इथे थांबण्यात अर्थ नाही. कंपाउंड धनुष्यावर बहुतेकांचा भरवशाचा पल्ला वीस ते तीस यार्डांचा असतो, आणि हरणे साठ यार्डांवरून त्याच दोन झाडांच्या मधून पुन्हा पुन्हा जात असतील, तर त्यांनी आपली वाट दाखवून दिलेली आहे. एकदा गेलेले हरीण योगायोग असू शकते. वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळी हरणे एकाच रेषेवरून गेली तर ती वाट आहे. ‘उद्या येतील इकडून’ या आशेवर लोक आठवडा काढतात आणि त्या आठवड्यात मचाणाखालची जमीन माणसाच्या वासाने भरून जाते.

हलवण्यापूर्वी ती रेषा तिथून का जाते हे जाऊन पाहावे. एका परिचितांच्या चाळीस एकरांच्या जमिनीवर मचाण शेताच्या ईशान्य कोपऱ्यात होते, कारण तिथे शिंगे घासलेली झाडे होती आणि जमीन खुरांनी उकरलेली होती. हरणे मात्र रोज कोपरा टाळून सत्तर यार्ड आतून, झाडीतूनच पुढे जात. चालून पाहिल्यावर कारण सापडले: जुन्या तारेच्या कुंपणावर एक एल्मचे झाड पडले होते आणि तिथे तार जमिनीपर्यंत दबली होती. हरीण कुंपणावरून सहज उडी मारू शकते, पण घाई नसेल तर ते दबलेल्या जागेतूनच जाते. त्या फटीच्या तारेला तपकिरी-पांढरे केस अडकलेले होते आणि खालच्या चिखलात लहानमोठ्या खुरांचे माग एकावर एक उमटले होते. मचाण त्या फटीच्या पूर्वेला अठरा यार्डांवर गेले. इथे वारा बहुतांश पश्चिमेचा किंवा नैर्ऋत्येचा आणि थंडीची लाट आल्यावर वायव्येचा असतो, म्हणून वाटेच्या पूर्वेला बसणे सहसा सोयीचे पडते.

शेताच्या कडेवरच्या उकरलेल्या जागांबद्दल इथेच सांगतो, कारण त्यांच्यावर भिस्त ठेवून अनेक मचाणे चुकीच्या जागी बांधली जातात. नर जमीन उकरतो, वरच्या फांदीला तोंड आणि कपाळ घासतो, आणि हे बहुतेक रात्री करतो. उघड्या कडेवरची अशी जागा नर या भागात आहे एवढेच सांगते. तो तिथे उजेडात येईल असे सांगत नाही. तशीच जागा झाडीच्या आत, दिवसा बसण्याच्या ठिकाणापासून जवळ सापडली, तर तिची किंमत कितीतरी अधिक आहे.

आधी होती, आता नाहीत

कॅमेरा आणि डोळे दोन्ही रिकामे राहू लागले, तर प्रश्न भीतीचा नसून बहुधा भुकेचा असतो. ऑगस्टमध्ये हिरव्या सोयाबीनच्या शेतात रोज संध्याकाळी दिसणारी हरणे सप्टेंबरात पाने पिवळी पडताच तिथून उठतात. जे मचाण ऑगस्टच्या छायाचित्रांवर विसंबून बांधले, ते ऑक्टोबरात रिकामे पडणे हे त्या जागेचे अपयश नव्हे. ऋतू पुढे गेला आहे.

याच सुमारास ओकची फळे पडू लागतात. पांढऱ्या ओकच्या फळांत तुरटपणा कमी असतो, ती एकाच वर्षात पिकतात आणि पडल्यावर त्याच शरदात रुजू लागतात, म्हणून हरणे ती आधी संपवतात. लाल ओकचे फळ पिकायला दोन वर्षे घेते, अधिक तुरट असते आणि हिवाळ्यापर्यंत टिकते. वसंतात उशिरा पडलेल्या दवकहराने फुले करपली, तर पांढऱ्या ओकचे पीक त्याच वर्षी बुडते आणि लाल ओकचे पुढच्या वर्षी. म्हणजे गेल्या ऑक्टोबरात ज्या झाडाखाली गर्दी होती, ते यंदा संपूर्ण वांझ असू शकते. ऑगस्टमध्येच दुर्बिणीने शेंडे पाहून ठेवावेत. हंगामात झाडाखाली ताज्या, ओलसर लेंड्या, उलथलेली पाने आणि फुटलेली टरफले दिसली, तर मचाण त्या झाडाच्या वाऱ्याखालच्या अंगाला त्याच दिवशी न्यावे. ही मेजवानी फार दिवस टिकत नाही.

मक्याचे गणित निराळे आहे. उभा मका हे अन्न आहे आणि आडोसाही आहे, त्यामुळे काही हरणे दिवसदेखील त्यातच काढतात. कापणी झाली की एका दिवसात आडोसा जातो आणि सांडलेले दाणे उरतात. कापणीनंतर शेतकडेच्या मचाणावर अचानक हालचाल वाढते, म्हणून मका उभा असताना रिकामे राहिलेले मचाण उतरवण्याआधी शेतकऱ्याला कापणीचा दिवस विचारावा. शेजारच्या शेतातला मका असेल तरीही विचारावे. मिशिगनच्या दक्षिणेकडच्या द्वीपकल्पात, म्हणजे लोअर पेनिन्सुलात, २०१९ पासून हरणांना आमिष टाकण्यावर बंदी आहे, तेव्हा अन्न हलल्यावर ते परत ‘आणण्याचा’ मार्ग तसाही उपलब्ध नाही.

पानगळ हा त्याच काळातला दुसरा बदल. ऑक्टोबरच्या आरंभी जे मचाण पानांत दडलेले होते, ते अखेरीस उघड्या आकाशावर स्पष्ट दिसू लागते. ही अडचण जागा न बदलता सुटते: त्याच झाडाच्या दुसऱ्या बाजूला, जाड बुंध्याच्या आड मचाण फिरवावे किंवा शेजारच्या दोन-तीन खोडांच्या झाडावर न्यावे. ओक सहसा पाने उशिरा सोडतो, हेही निवड करताना लक्षात असू द्यावे.

माजाचा काळ आणि १५ नोव्हेंबर

नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात नर माजावर असतो आणि त्याच्या मागे मचाण हलवणे व्यर्थ आहे. मादी जेमतेम दिवसभर, फार तर दीड दिवस माजावर असते; नर तिच्याबरोबर एखाद्या झुडपात अडकून राहतो आणि नंतर मैलभर दूर दिसतो. या दिवसांत माद्या जिथे बसतात, त्या जागांच्या वाऱ्याखालच्या बाजूला चिकटून राहावे, कारण नर तिथूनच वास घेत जातो. दोन दिवस काही दिसले नाही म्हणून जागा सोडू नये.

बंदुकीचा हंगाम १५ ते ३० नोव्हेंबर असा ठरलेला असतो आणि पहिल्याच दिवशी दुपारपर्यंत रानाची मांडणी बदलते. इतके लोक एकाच वेळी रानात शिरतात, की हरणे खाण्याच्या जागा सोडून दाट दलदलीत आणि काटेरी झुडपांत शिरतात. ऑक्टोबरच्या शेतकडेवरचे मचाण आता बहुतेक निरुपयोगी आहे. आडोशाकडे जाणाऱ्या पलायनवाटेवर दुसरे मचाण आधीच, ऑक्टोबरात तयार ठेवावे. १४ तारखेला रात्री जागा शोधत फिरणे म्हणजे हरणांना आगाऊ सूचना देणे होय. बंदुकीसाठी नवी जागा निवडताना वस्ती असलेल्या घरापासून किंवा गोठ्यापासून ४५० फुटांच्या आत परवानगीशिवाय शिकार करता येत नाही, हेही मोजून घ्यावे.

हलवायचे ठरल्यावर

दुपारी, वारा असलेल्या दिवशी, शक्यतो पावसाच्या तोंडावर हलवावे, म्हणजे आवाज वाऱ्यात आणि वास पावसात जातो. त्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी लगेच तिथे बसता येईल अशी तयारी असावी, कारण नव्या जागेची पहिली बैठक ही सर्वांत चांगली बैठक असते. फांद्या कमीत कमी छाटाव्यात. आणि उन्हाळ्यापूर्वीच नेमबाजीच्या रेषा मोकळ्या करून ठेवणाऱ्यांनी १५ एप्रिल ते १५ जुलै या काळात ओक छाटू नये, कारण त्या ताज्या जखमांतून ओकला मारणारा बुरशीचा रोग शिरतो.

झाड निवडताना राख-करड्या सालीच्या उभ्या मेलेल्या अ‍ॅश झाडांपासून दूर राहावे. २००२ मध्ये डेट्रॉइट परिसरात ही झाडे सालीखालून पोखरणाऱ्या पन्ना-हिरव्या भुंग्याचा शोध लागल्यापासून मिशिगनमधली अ‍ॅश झाडे मोठ्या प्रमाणावर मेली आहेत. ती सरळ, मजबूत आणि मचाणासाठीच उगवल्यासारखी दिसतात, पण वाळलेले लाकूड पूर्वसूचना न देता मोडते. मचाण झाडाला बांधण्याचे गेल्या वर्षीचे पट्टे पुन्हा वापरू नयेत. उन्हाने ते कुजतात, वाढणारा बुंधा त्यांना ताणतो आणि खारी ते कुरतडतात. पूर्ण शरीराचा हार्नेस, म्हणजे पडण्यापासून वाचवणारा सुरक्षा-पट्टा, जमीन सोडण्यापूर्वी दोराला जोडलेला असावा, आणि धनुष्य किंवा रिकामी बंदूक नंतर दोरीने वर ओढून घ्यावी. हलवण्याच्या घाईत, जागेशी परिचय नसताना, अंधारात पहिल्यांदा चढण्याचा प्रसंग येतो, म्हणून हे इथे लिहिणे भाग आहे.

सरकारी जमिनीवर मचाण उचलून नेता येण्याजोगे असावे, त्यावर मालकाची ओळख लिहिलेली असावी आणि झाडात खिळे किंवा स्क्रू ठोकून सालीच्या आतला जिवंत थर भेदता येत नाही. खासगी शेताच्या किंवा त्याला जोडलेल्या रानटुकडीच्या बाबतीत फलक लावलेला नसला तरी मालकाची परवानगी लागते, आणि ही परवानगी जागा बदलल्यावर पुन्हा सांगून घेणे सौजन्याचेही आहे आणि शहाणपणाचेही. शेतकऱ्याला आपण कोणत्या झाडावर आहोत हे ठाऊक असले पाहिजे.

पुढच्या हंगामासाठी कायमचे स्थलांतर करायचे असेल, तर त्याची वेळ फेब्रुवारीच्या अखेरीची आहे. तेव्हा आपण कितीही फिरलो तरी काही बिघडत नाही, शरदातल्या उकरलेल्या जागा आणि घासलेली खोडे बर्फ वितळताच पुन्हा उघडी पडतात, आणि दलदलीतल्या बसण्याच्या जागांपर्यंत चालत जाता येते. त्या फेरीत बर्फातल्या रुळलेल्या वाटांवर मात्र ऑक्टोबरची मचाणे बांधू नयेत. त्या वाटा जानेवारीतल्या अन्नाकडे जातात. सरकारी जमिनीवरची मचाणे १ मार्चपर्यंत काढावीच लागतात, तेव्हा उतरवण्याची आणि पाहणीची फेरी एकाच दिवशी उरकावी.